बेचाळीस रिळांचा हट्ट

एका कादंबरीचे पानन्‌पान पडद्यावर आणण्याचे स्वप्न एरिक फॉन स्ट्रोहाइम या दिग्दर्शकाने पाहिले आणि ते पूर्णही केले. मात्र पूर्ण झालेला तो चित्रपट प्रेक्षकांपर्यंत कधी पोचलाच नाही. जे पोचले, ते त्याचे अवशेष होते. 'ग्रीड' या १९२४ सालच्या मूकपटाची आणि त्याच्या कर्त्याची ही कहाणी.

जानेवारी १९२४. हॉलीवूडमधील गोल्डविन कंपनीच्या स्टुडिओत काही निवडक मंडळींना एक चित्रपट दाखवण्यात आला. त्यात पत्रकार होते, दिग्दर्शकाचे व्यवसायबंधू होते, दोन अभिनेत्री होत्या. सकाळी सुरू झालेला खेळ दिवस मावळला तरी संपेना. एकामागून एक रिळे चढत होती आणि उतरत होती. अशी चाळीसहून अधिक रिळे उलगडली, तेव्हा नऊ तासांच्या आसपास वेळ निघून गेला होता. बाहेर पडलेल्यांपैकी काहींना आपण चित्रपटाच्या इतिहासातील सर्वांत मोठी कलाकृती पाहिली असे वाटत होते. मात्र हा चित्रपट कोणत्या चित्रगृहात, कोणत्या प्रेक्षकाला आणि किती दरात दाखवायचा, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापैकी कोणाकडेच नव्हते.

पुढील अकरा महिन्यांत या चित्रपटाची इतकी काटछाट झाली, की डिसेंबरमध्ये तो प्रदर्शित झाला तेव्हा त्याचा जेमतेम चौथा हिस्सा शिल्लक होता. समीक्षकांनी नाके मुरडली, प्रेक्षकांनी पाठ फिरवली. आणि जगातील सर्वश्रेष्ठ चित्रपटांच्या याद्या पुढे जेव्हा जेव्हा झाल्या, तेव्हा तेव्हा त्यांत या तुकड्याला मानाचे स्थान मिळत गेले.

ज्या माणसाने हा हट्ट धरला, त्याचे आयुष्य त्याच्या चित्रपटांइतकेच विलक्षण होते.

एरिक स्ट्रोहाइमचा जन्म २२ सप्टेंबर १८८५ रोजी व्हिएन्ना येथे एका मध्यमवर्गीय ज्यू कुटुंबात झाला. वडील बेनो हे टोप्या बनवण्याच्या व्यवसायात होते. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या त्या साम्राज्यात रस्त्यारस्त्यांवर झगमगीत गणवेशातील लष्करी अधिकारी दिसत. उमराव घराण्यांचे ऐश्वर्य डोळ्यांत भरत असे. टोपीवाल्याच्या मुलाला त्या दुनियेत प्रवेश नव्हता. ती त्याने बाहेरून पाहिली आणि तपशिलासह मनात साठवून ठेवली.

१९०९च्या नोव्हेंबरात तो न्यू यॉर्क बंदरात उतरला, तेव्हा त्याच्याजवळ पैसा नव्हता आणि ओळखही नव्हती. ओळख त्याने तेथल्या तेथे तयार केली. नावात उमरावपणाचा निदर्शक असा 'फॉन' शब्द घातला, त्यामागे एरिक ओस्वाल्ड हान्स कार्ल मारिया अशी भरघोस नामावळी जोडली आणि आपण ऑस्ट्रियातील सरदार घराण्याचे वंशज असल्याचे तो सांगू लागला. घोडदळातील पराक्रमाच्या कथा त्याला जोडल्या गेल्या. हे सोंग त्याने जवळजवळ अर्धशतक इतक्या निष्ठेने वठवले, की जवळच्या माणसांनाही त्याचा संशय आला नाही. जन्माच्या नोंदी उजेडात येऊन खरे काय ते जगाला कळले, तेव्हा तो हयात नव्हता.

अमेरिकेतील सुरुवातीची वर्षे हालाखीची गेली. कधी दुकानात कारकुनी, कधी फिरता विक्रेता, कधी आणखी काही. या भटकंतीत तो कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात आला आणि तेथे काही काळ राहिला. गरिबीच्या या दिवसांतच कधीतरी एक कादंबरी आपल्या हाती पडली, असे तो पुढे सांगत असे. ती कादंबरी म्हणजे फ्रँक नॉरिसची 'मॅक्टीग'.

१८९९ साली प्रसिद्ध झालेली 'मॅक्टीग' ही अमेरिकी निसर्गवादी साहित्यातील एक प्रमुख कृती मानली जाते. फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला हा नॉरिसचा आदर्श होता. माणूस आपल्या रक्तातील वृत्तींचा आणि भोवतीच्या परिस्थितीचा गुलाम असतो, हे या पंथाचे सूत्र. १८९३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका मजुराने पैशासाठी आपल्या पत्नीचा खून केला होता. त्या घटनेचे बीज या कादंबरीत आहे. नॉरिस स्वतः १९०२ मध्ये अवघ्या बत्तिसाव्या वर्षी वारला.

कादंबरीचा नायक मॅक्टीग हा खाणीत वाढलेला, धिप्पाड पण मंदबुद्धी माणूस. एका भटक्या दंतवैद्याच्या हाताखाली तो दात काढायला शिकतो आणि परवाना नसतानाच सॅन फ्रान्सिस्कोतील पोक स्ट्रीटवर दवाखाना थाटतो. मार्कस या मित्राची नात्यातील बहीण ट्रीना त्याच्याकडे उपचारासाठी येते आणि तो तिच्या प्रेमात पडतो. मार्कस उदारपणाचा आव आणून बाजूला होतो. तेवढ्यात ट्रीनाला पाच हजार डॉलरची सोडत लागते. तेथून विनाशाला सुरुवात होते. मार्कसला मत्सर ग्रासतो. मॅक्टीगकडे परवाना नसल्याचे अधिकाऱ्यांना कळते आणि त्याचा व्यवसाय बुडतो. ट्रीनाला पैसा साठवण्याचे वेड लागते. नवऱ्याला उपाशी ठेवून ती सोन्याची नाणी घासूनपुसून चकचकीत करीत बसते. शेवटी मॅक्टीग तिचा खून करून नाणी घेऊन पळतो. मार्कस त्याचा पाठलाग करीत डेथ व्हॅलीच्या वाळवंटात त्याला गाठतो. झटापटीत मार्कस मरतो. पण मरण्यापूर्वी त्याने आपले मनगट बेडीने मॅक्टीगच्या मनगटाशी अडकवलेले असते. पाण्याचा थेंब नसलेल्या त्या वैराण प्रदेशात, प्रेताशी जखडलेल्या आणि शेजारी सोने पडलेल्या मॅक्टीगला वाचकाने पाहायचे आणि पुस्तक मिटायचे.

ज्याने आपले सारे आयुष्य खोट्या नावावर उभारले होते, त्याला या निष्ठुर खरेपणाने झपाटून टाकले, ही मोठी नवलाची गोष्ट. पण कदाचित तीच त्याच्या स्वभावाची किल्ली असावी. स्वतःविषयी त्याने जे खोटे सांगितले, तेही बारीकसारीक तपशिलांनी भरून खरे वाटेल असेच सांगितले. पडद्यावरील खोटेही त्याला तितक्याच तपशिलांनी खरे करून दाखवायचे होते.

१९१४च्या सुमारास तो हॉलीवूडमध्ये पोचला आणि डी. डब्ल्यू. ग्रिफिथ या त्या काळच्या सर्वांत मोठ्या दिग्दर्शकाच्या चित्रपटांत किरकोळ कामे करू लागला. ग्रिफिथच्या हाताखाली त्याने दिग्दर्शनाचे धडे घेतले. तेवढ्यात अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि पडद्यावर क्रूर जर्मन अधिकाऱ्यांना मागणी आली. बारीक कापलेले केस, एका डोळ्यावर काच, ताठ मान आणि ओठांवर तुच्छतेचे हसू अशा रूपात स्ट्रोहाइम पडद्यावर आला की प्रेक्षक त्याचा मनसोक्त द्वेष करीत. हा द्वेषच त्याची जाहिरात झाला.

युद्ध संपले तशी अशा खलनायकांची गरजही संपली. तेव्हा त्याने युनिव्हर्सल कंपनीचे मालक कार्ल लेम्ली यांना गाठून स्वतःच्या कथेवर चित्रपट काढू देण्यास राजी केले. 'ब्लाइंड हजबंड्स' हा त्याचा पहिलाच चित्रपट १९१९ मध्ये झळकला आणि यशस्वी ठरला. १९२२च्या 'फूलिश वाइव्ह्ज'साठी त्याने स्टुडिओच्या आवारात माँटे कार्लोचा चौक हुबेहूब उभारला. खर्च इतका वाढला, की दहा लाख डॉलर खर्चाचा पहिला चित्रपट अशी त्याची जाहिरात करून कंपनीला वेळ साजरी करावी लागली.

याच सुमारास युनिव्हर्सलच्या कारभाराची सूत्रे एका कोवळ्या तरुणाकडे आली होती. त्याचे नाव अर्विंग थालबर्ग. प्रकृतीने नाजूक, बोलण्यात सौम्य आणि हिशेबात पक्का. 'मेरी गो राउंड' या पुढच्या चित्रपटाच्या वेळी स्ट्रोहाइमने खर्चाच्या आणि वेळेच्या सर्व मर्यादा ओलांडल्या, तेव्हा ऑक्टोबर १९२२ मध्ये या २३ वर्षांच्या तरुणाने त्याला चित्रीकरणाच्या मध्यावर काढून टाकले. एवढ्या नावाजलेल्या दिग्दर्शकाला निर्मात्याने असे दूर करणे हा हॉलीवूडला धक्काच होता. चित्रपट दिग्दर्शकाचा की कंपनीचा, या वादाचा निकाल त्या दिवशी कंपनीच्या बाजूने लागला.

स्ट्रोहाइमला लगेच गोल्डविन कंपनीने बोलावले. या कंपनीने मात्र करारातच काळजी घेतली होती. चित्रपटाची लांबी साडेआठ हजार फुटांपेक्षा, म्हणजे मोजक्या रिळांपेक्षा, अधिक नसावी आणि खर्च १,७५,००० डॉलरच्या आत राहावा, अशी कलमे होती. स्ट्रोहाइमने सही केली आणि 'मॅक्टीग' हाती घेतली.

सामान्यतः कादंबरीवरून चित्रपट करणारा दिग्दर्शक प्रथम कथेचा कणा शोधतो, उपकथानके गाळतो, पात्रे कमी करतो. स्ट्रोहाइमने काहीच गाळले नाही. उलट कादंबरीत मोजक्या परिच्छेदांत येणारे मॅक्टीगचे खाणीतील पूर्वायुष्य त्याने सविस्तर रचले. ज्या इमारतीत मॅक्टीग राहतो, तेथील इतर बिऱ्हाडेही कादंबरीत आहेत. भंगारवाला झर्कोव आणि मारिया यांची एक जोडी. सोन्याच्या भांड्यांच्या कल्पनेने वेडा झालेला झर्कोव शेवटी मारियाचा जीव घेतो. दुसरी जोडी ग्रॅनिस आणि मिस बेकर या वृद्धांची. भिंतीला भिंत लागून असलेल्या खोल्यांत राहणारी ही दोघे वर्षानुवर्षे एकमेकांवर मूकपणे प्रेम करतात आणि आयुष्याच्या संध्याकाळी एकत्र येतात. लोभ माणसाला कोठवर नेतो हे पहिल्या जोडीत दिसते आणि लोभ नसेल तर जगणे कसे कोवळे असू शकते हे दुसऱ्या जोडीत. मधे मॅक्टीग आणि ट्रीना. कादंबरीचा तोल या तीन जोड्यांवर उभा होता आणि स्ट्रोहाइमला तो पूर्णपणे उमगला होता.

१३ मार्च १९२३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत चित्रीकरण सुरू झाले. त्या काळी बहुतेक चित्रपट स्टुडिओतील सेटवर होत. स्ट्रोहाइमने शहरातील हेज आणि लगुना या रस्त्यांच्या कोपऱ्यावरील खरी इमारत घेतली, तिच्यातील खऱ्या खोल्यांत सामान लावले आणि नटांना भूमिकेशी एकरूप होता यावे म्हणून तेथेच राहायला लावले. खिडकीबाहेरचा रहदारीचा रस्ताही त्याला दृश्यात हवा असे. मॅक्टीगच्या लग्नाचे दृश्य याचे उत्तम उदाहरण आहे. खोलीत विवाहविधी चालू असताना मागच्या खिडकीतून रस्त्यावरून जाणारी अंत्ययात्रा दिसते. पुढे घडणार असलेले सारे त्या एका चौकटीत येते. खोली आणि रस्ता ही दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसावीत यासाठी बेन रेनल्ड्स आणि विल्यम डॅनिएल्स या छायाचित्रकारांना प्रकाशयोजनेचे किती कष्ट पडले असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

नटांची निवडही रूढ पद्धतीला सोडून होती. मॅक्टीगच्या भूमिकेसाठी गिब्सन गाउलंड हा धिप्पाड नट, मार्कससाठी जीन हर्शोल्ट आणि ट्रीनासाठी झासू पिट्स. झासू पिट्स विनोदी भूमिकांसाठी ओळखली जाई. तिच्या भेदरलेल्या डोळ्यांत स्ट्रोहाइमला कंजुषीच्या वेडाने पछाडलेली बाई दिसली. मूकपटांच्या काळातील सर्वांत भेदक अभिनयांत तिच्या या कामाची गणना होते.

शेवटचा प्रसंग वाळवंटातला. लॉस एंजल्सजवळ समुद्रकिनारी ऑक्सनार्ड येथे वाळूच्या टेकड्या होत्या आणि हॉलीवूडची वाळवंटे तेथेच चित्रित होत. कंपनीने तेच सुचवले. स्ट्रोहाइमने नकार दिला. कादंबरीत डेथ व्हॅली आहे, तर चित्रपटातही डेथ व्हॅलीच हवी, असे त्याचे म्हणणे. १९२३च्या ऐन उन्हाळ्यात चाळीसहून अधिक माणसांचा तांडा घेऊन तो तेथे गेला. रस्ते नव्हते, निवारा नव्हता, नळाचे पाणी नव्हते. सावलीतील तापमान ५० अंश सेल्सियसच्या आसपास पोचत होते. माणसे आजारी पडून परत जाऊ लागली. झटापटीचे दृश्य उन्हातच पुन्हा पुन्हा चित्रित होत होते. दिग्दर्शकाचा जितका द्वेष करता तितका एकमेकांचा करा, असे तो दोन्ही नटांना ओरडून सांगत असे, अशी आठवण सांगितली जाते. हर्शोल्टचे वजन सुमारे १२ किलोंनी घटले आणि त्याला रुग्णालयात राहावे लागले. पडद्यावर त्या दोघांचे फुटलेले ओठ आणि विझलेले डोळे दिसतात, त्यात रंगभूषेचा भाग फारसा नाही. येथे कलानिष्ठा कोठे संपते आणि क्रौर्य कोठे सुरू होते, हे ठरवणे अवघड आहे.

६ ऑक्टोबर १९२३ रोजी, १९८ दिवसांच्या कामानंतर, चित्रीकरण संपले. वापरलेली फिल्म सुमारे साडेचार लाख फूट होती आणि खर्च करारातील आकड्याच्या तिपटीवर, साडेपाच लाख डॉलरच्या जवळ गेला होता. आता संकलन. या काळात आपल्याला वेतन मिळत नव्हते आणि घर-गाडी गहाण टाकून आपण काम केले, असे स्ट्रोहाइमचे म्हणणे होते. चित्रपटात जेथे जेथे सोने आहे, मग ती नाणी असोत की दंतवैद्याच्या दारावर टांगलेला अवजड सोनेरी दात, तेथे तेथे त्याने पिवळा रंग भरवून घेतला. करड्या चित्रांत फक्त सोने तेवढे चमकावे, ही त्यामागची कल्पना.

४२ रिळे पाहून कंपनीने कपाळाला हात लावला. स्ट्रोहाइमने स्वतःच कात्री घेतली आणि मार्च १९२४ पर्यंत चित्रपट २४ रिळांच्या आसपास आणला. दोन भागांत, दोन संध्याकाळी तो दाखवावा, असा त्याचा प्रस्ताव होता. तो फेटाळला गेला. याहून अधिक कापणे आपल्या हाताला जमणार नाही हे ओळखून त्याने रिळे रेक्स इन्ग्राम या दिग्दर्शक मित्राकडे पाठवली. इन्ग्राम आणि त्याचा संकलक ग्रँट व्हायटॉक यांनी चित्रपट सुमारे १८ रिळांवर आणला आणि यातील आणखी एक फूट जरी कापलास तर तुझ्याशी बोलणार नाही, अशा आशयाची तार इन्ग्रामने मित्राला केली.

पण तोवर घराचा मालकच बदलला होता. एप्रिल १९२४ मध्ये गोल्डविन कंपनीचे मेट्रो कंपनीशी विलीनीकरण झाले आणि पुढे जगभर एमजीएम म्हणून गाजलेली संस्था जन्माला आली. तिचे प्रमुख झाले लुई बी. मेयर आणि निर्मितीची सूत्रे ज्याच्याकडे आली त्याचे नाव होते अर्विंग थालबर्ग. दीड वर्षापूर्वी ज्याने घराबाहेर काढले, त्याच्याच दारात स्ट्रोहाइम आपला सर्वांत आवडता चित्रपट घेऊन उभा होता. दैवाचा हा फेरा एखाद्या कादंबरीत वाचला असता तर योगायोग ओढून आणल्यासारखा वाटला असता.

इन्ग्रामची तार मेयरला दाखवूनही उपयोग झाला नाही. 'मॅक्टीग' हे नाव जाऊन 'ग्रीड' कायम झाले. संकलन जून मॅथिस यांच्याकडे आणि मग जोसेफ फार्नम यांच्याकडे गेले. मूकपटांतील शीर्षके लिहिण्यात फार्नमचा हातखंडा होता. पहिल्या ऑस्कर समारंभात त्या कामाचा पुरस्कारही त्यांना मिळाला. मात्र ज्याने आपल्या चित्रपटाला अखेरचे रूप दिले, त्याने ना मूळ कादंबरी वाचली होती ना पटकथा, अशी स्ट्रोहाइमची कायमची तक्रार होती. चित्रपट दहा रिळांवर आला. सव्वादोन तासांच्या आसपास चालेल एवढा.

या काटछाटीत काय गेले ते पाहिले पाहिजे. झर्कोव आणि मारिया गेली. ग्रॅनिस आणि मिस बेकर जवळजवळ पूर्ण गेले. खाणीतील पूर्वायुष्य काही मिनिटांवर आले. ज्या मधल्या दृश्यांतून ट्रीना पायरीपायरीने कंजूष होत जाते, त्यांतील अनेक गळाली आणि त्यांच्या जागी लिखित शीर्षके आली.

४ डिसेंबर १९२४ रोजी न्यू यॉर्कच्या कॉस्मोपॉलिटन चित्रगृहात 'ग्रीड' प्रदर्शित झाला. काही जाणत्यांनी अभिनयाची आणि दिग्दर्शनाची तारीफ केली; पण एकूण सूर तिटकाऱ्याचाच होता. इतका अंधार, इतकी घाण, इतकी कुरूप माणसे कशाला दाखवायची, असा प्रश्न विचारला गेला. नाताळच्या तोंडावर असा चित्रपट पाहायला कोण येणार? मिळकत खर्चाच्या निम्म्यावरच थांबली.

समीक्षकांची तक्रार खोटी नव्हती. चित्रपटात उजेड नव्हता. पण जो थोडा उजेड होता, तो त्या दोन वृद्धांच्या प्रेमकथेत होता आणि तीच कात्रीने काढून टाकली होती. लांबी कमी करताना तोल गेला आणि तोल गेल्याचा दोष दिग्दर्शकाच्या विकृत दृष्टीच्या माथी बसला. कादंबरीवरून केलेल्या चित्रपटात काय गाळले यापेक्षा जे ठेवले त्याचा अर्थ गाळण्यामुळे कसा बदलला, हे पाहावे लागते. 'ग्रीड'चा धडा हाच आहे.

तरीही सारा दोष थालबर्गच्या पदरात टाकणे न्यायाचे होणार नाही. स्ट्रोहाइमने करारावर सही केली होती. नऊ तासांचा मूकपट चालवणारे चित्रगृह जगात कोठेही नव्हते, हे त्यालाही ठाऊक होते. कादंबरी वाचक आपल्या सवडीने, महिनाभर पुरवून वाचतो. चित्रगृहातील प्रेक्षक रात्री घरी जायला निघालेला असतो. पुस्तकाचा चित्रपट करणे म्हणजे काय ठेवायचे याची निवड करणे आणि ती निवड मूळ कृतीवर सर्वाधिक प्रेम असलेल्या माणसाने करावी हे उत्तम. स्ट्रोहाइमने ती वेळेवर केली नाही. म्हणून ती ज्यांना त्या कादंबरीशी काहीच देणेघेणे नव्हते, त्यांनी केली. चित्रपट ज्या माणसाने आपल्या आईला अर्पण केला होता, त्याला त्याचे हे रूप पाहवेना. ते पाहायला त्याने पुढे कित्येक वर्षे नकार दिला.

गंमत अशी, की लगेचच १९२५ मध्ये त्याच एमजीएमसाठी, त्याच थालबर्गच्या देखरेखीखाली त्याने 'द मेरी विडो' हा चित्रपट केला आणि तो तुफान चालला. तो धंदा जाणत नव्हता असे नाही. पण यशानेही तो बदलला नाही. १९२८चा 'द वेडिंग मार्च' पुन्हा अवाढव्य झाला आणि पुन्हा त्याच्या हातून काढून घेतला गेला. 'क्वीन केली' या चित्रपटाची नायिका आणि निर्माती ग्लोरिया स्वान्सन हिने जानेवारी १९२९ मध्ये चित्रीकरणच बंद पाडले. बोलपटांच्या काळात त्याला एक संधी मिळाली. तोही चित्रपट दुसऱ्यांकडून पुन्हा चित्रित करवून १९३३ मध्ये 'हॅलो, सिस्टर' या नावाने लावण्यात आला. त्यानंतर त्याने कधीही दिग्दर्शन केले नाही. मधल्या काळात पोटासाठी त्याने एमजीएममध्येच पगारी लेखक म्हणून काम केले. ज्या वास्तूत आपल्या चित्रपटाचे तुकडे झाले, तिच्याच एका खोलीत बसून इतरांच्या पटकथा दुरुस्त करताना त्याला काय वाटत असेल?

अमेरिकेने नाकारलेल्या या माणसाला फ्रान्सने जवळ केले. ज्याँ रन्वार या श्रेष्ठ दिग्दर्शकाच्या १९३७ सालच्या 'ला ग्रांद इल्युझियाँ'मध्ये त्याने युद्धकैद्यांच्या छावणीचा प्रमुख असलेला जर्मन उमराव अधिकारी रंगवला. मोडलेल्या मणक्याला आधार देणारा पट्टा गळ्याभोवती घातलेला, आपले युग संपल्याची जाणीव असलेला तो अधिकारी. टोपीवाल्याच्या मुलाने आयुष्यभर जगलेले सोंग येथे कलेच्या पदवीला पोचले.

१९५० साली बिली वाइल्डरच्या 'सनसेट बुलेवार्ड'मध्ये तो पुन्हा हॉलीवूडच्या पडद्यावर आला. विस्मृतीत गेलेल्या मूकपटातील नटीचा नोकर ही त्याची भूमिका. हा नोकर एकेकाळचा मोठा दिग्दर्शक असतो आणि नटीची भूमिका करीत होती ग्लोरिया स्वान्सन. त्या चित्रपटात ती घरी आपला जुना चित्रपट पाहते, तेव्हा पडद्यावर येतात ती 'क्वीन केली'चीच दृश्ये. जिने त्याचा चित्रपट थांबवला ती नटी आणि ज्याचा थांबला तो दिग्दर्शक, दोघे एकाच छताखाली. या भूमिकेसाठी त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले. पुरस्कार मात्र मिळाला नाही.

याच सुमारास पॅरिसच्या सिनेमातेक या चित्रसंग्रहालयाचे संस्थापक ऑन्री लाँग्लुआ यांनी त्याला 'ग्रीड' दाखवला. पुरलेले प्रेत उकरून पाहावे आणि हाडे व धूळ हाती लागावी, तसे त्याला वाटले. तरीही त्या हाडांत आपले माणूस त्याने ओळखले आणि त्याला अश्रू आवरले नाहीत. १२ मे १९५७ रोजी पॅरिसजवळील मोरपा या गावी त्याचे निधन झाले. त्यापूर्वी फ्रान्सने लेजन ऑफ ऑनर हा सन्मान देऊन त्याला गौरवले होते. खोटी सरदारकी मिरवणाऱ्याला आयुष्याच्या शेवटी एक खरा किताब मिळाला.

पुढच्याच वर्षी ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनानिमित्त चित्रपट-इतिहासकारांनी निवडलेल्या बारा सर्वश्रेष्ठ चित्रपटांत 'ग्रीड'चा समावेश झाला. कापलेली रिळे मात्र सापडली नाहीत. फिल्मवरील चांदी परत मिळवण्यासाठी ती नष्ट केली गेली, असे सांगितले जाते. सोन्याच्या लोभावरचा चित्रपट चांदीसाठी वितळावा, याहून कडवट शेवट नॉरिसलाही सुचला नसता. १९९९ मध्ये रिक श्मिडलिन यांनी मूळ पटकथेच्या आधारे, त्या वेळी काढलेली सहाशेहून अधिक स्थिरचित्रे जोडून सुमारे चार तासांची आवृत्ती तयार केली. तिच्यात ग्रॅनिस आणि मिस बेकर परत आले आहेत. पण ते हलत नाहीत. एकमेकांच्या खोलीच्या भिंतीला कान लावून ते दोघे तसेच स्थिर बसून असतात.